परदेशी शिक्षण, 'पीआर' आणि साधकाची दृष्टी





बारावीचा निकाल लागला किंवा पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले, की अनेक घरांत एक विषय निघतो : मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेर जाणार का? आणि थोड्याच वेळात दुसरा प्रश्न येतो : तिथे पीआर मिळेल का? पीआर म्हणजे परक्या देशात कायम राहण्याची व काम करण्याची परवानगी. पुण्या-नाशिकच्या घरांत हे बोलणे चालते, तसेच बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी घरांतही चालते. पंजाबात जालंधर-लुधियानाकडे आणि गुजरातेत मेहसाण्याकडे तर हा विषय गावोगाव मुरलेला आहे.

सत्संगानंतर तरुण आणि त्यांचे आई-वडील पुष्कळदा विचारतात, "शिक्षण हे निमित्त आहे. खरे तर तिथे स्थायिक व्हायचे आहे. यात काही अधर्म आहे का?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही घाईने 'हो' किंवा 'नाही' असे न देता नीट शोधले पाहिजे.

इच्छा हा दोष नाही

आपल्या परंपरेने 'अर्थ' आणि 'काम' यांना पुरुषार्थ मानले आहे. चांगले जीवन हवे, कष्टाचे योग्य मोल मिळावे, आई-वडिलांना म्हातारपणी सुख द्यावे, ही इच्छा धर्माच्या मर्यादेत असेल तर ती पाप नाही. हरगोविंद खुराना, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासारखे शास्त्रज्ञ परदेशातच राहिले आणि त्यांनी साऱ्या मानवजातीच्या ज्ञानात भर घातली. म्हणून 'जो गेला तो स्वार्थी आणि जो राहिला तो त्यागी' असा सोपा हिशेब आपण मांडू नये.

हैदराबादजवळ चिलकूर येथे बालाजीचे प्राचीन मंदिर आहे. लोक त्याला 'व्हिसा बालाजी' म्हणतात. भाविक इच्छा सांगून ११ प्रदक्षिणा घालतात आणि ती पूर्ण झाली की येऊन १०८ प्रदक्षिणा घालतात. या मंदिरात दानपेटी नाही. जालंधरजवळ तल्हण येथील गुरुद्वारात परदेशी जाण्याची इच्छा असणारे लोक खेळण्यातली विमाने वाहत आले आहेत. हे ऐकून काहींना हसू येते. पण हसण्याचे कारण नाही. जे मनात आहे ते मूल आईजवळ मागते, तसेच भक्त देवाजवळ मागतो. विचार करायचा तो एवढाच, की मागताना आपण आणखी काय मागतो? फक्त पासपोर्टावरचा शिक्का, की त्या शिक्क्यामागच्या जीवनाला लागणारी बुद्धी आणि सचोटीसुद्धा?

दोष कोठे शिरतो?

दोष शिरतो तो विद्येला केवळ तिकीट मानण्यात. अभ्यासक्रम निवडताना 'मला काय शिकायचे आहे' हा प्रश्न मागे पडतो आणि 'कोणत्या अभ्यासक्रमाने परवाना लवकर मिळेल' एवढेच उरते. अभियंता झालेला मुलगा, ज्यात त्याला काडीचा रस नाही अशा एखाद्या पदविकेला प्रवेश घेतो. महाविद्यालयाचे नाव त्याला एजंटाने सांगितलेले असते. तिथे काय शिकवतात, कोण शिकवतात, हे त्याने पाहिलेलेही नसते. दोन वर्षे तो वर्गात हजेरीपुरता बसतो. त्याचे मन पुढच्या अर्जात असते आणि शरीर रात्रपाळीने थकलेले असते.

शास्त्रांनी माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यांतले ऋषिऋण पैशाने फिटत नाही. ते अध्ययनाने आणि अध्यापनाने, म्हणजे मन लावून शिकण्याने आणि शिकलेले पुढे देण्याने फिटते. ज्याने विद्येला फक्त प्रवेशाचे भाडे मानले, त्याचे बँकेचे कर्ज कदाचित फिटेल, पण ऋषिऋण तसेच राहील. आणि ज्या दोन वर्षांत बुद्धी सर्वांत तीक्ष्ण असते, ती दोन वर्षे परत येणार नाहीत.

कचाने काय केले?

महाभारताच्या आदिपर्वातील कचाची कथा आपल्याला ठाऊक आहे. परक्या राज्यात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची ती कथा आहे, म्हणून आज ती पुन्हा आठवू या.

देव-दानवांच्या युद्धात मेलेल्या दानवांना त्यांचे गुरू शुक्राचार्य संजीवनी विद्येने जिवंत करीत. देवांकडे ती विद्या नव्हती. म्हणून देवांनी बृहस्पतीचा पुत्र कच याला शुक्राचार्यांकडे पाठवले. म्हणजे कचाच्या जाण्यामागे हेतू होता, हे खरे. पण तो नाव बदलून गेला नाही. आपण कोणाचे पुत्र, कोणाचे नातू, हे त्याने गुरूंना पहिल्या भेटीतच सांगितले आणि दीर्घ काळ ब्रह्मचर्याने सेवा करण्याचे व्रत घेतले. शुक्राचार्यांनी शत्रुपक्षाच्या गुरूचा मुलगा म्हणून त्याला हाकलले नाही. त्यांनी त्याचे स्वागत केले.

तिथे त्याला सुख लाभले नाही. तो बृहस्पतीचा मुलगा आहे हे कळताच दानवांनी त्याला एकदा नव्हे, तीनदा मारले. देवयानीच्या आग्रहामुळे गुरूंनी तीनही वेळा त्याला जिवंत केले. तिसऱ्या वेळी तर त्याची राख मद्यातून गुरूंच्याच पोटात गेली होती. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला संजीवनी विद्या दिली. कच बाहेर आला, तेव्हा गुरू मृत पडले होते. हवी ती विद्या त्याच्या हाती आली होती, शत्रूचा गुरू समोर निष्प्राण होता, आणि निघून जायला वाट मोकळी होती. पण कचाने ती विद्या सर्वांत आधी गुरूंना उठवण्यासाठी वापरली. एवढेच नाही, व्रताचा उरलेला काळही त्याने गुरूंजवळ राहून पूर्ण केला.

पुढे देवयानीने विवाहाची इच्छा सांगितली. गुरुकन्या बहिणीसारखी, म्हणून कचाने नकार दिला. तिने शाप दिला, की ही विद्या तुला फळणार नाही. इतक्या वर्षांच्या कष्टांचे फळ एका क्षणात गेले! कच काय म्हणाला? मला न फळली तरी चालेल, मी ज्याला ती शिकवीन त्याला ती फळेल. आणि तो देवलोकी परतला.

साधकहो, या कथेचे मर्म इथे आहे. कचाला ठरवलेले फळ मिळाले नाही, तरी त्याचे शिकणे वाया गेले नाही. कारण त्याने विद्या खरोखर घेतली होती. शापाने फळ नेले, विद्या नेता आली नाही. ज्याने केवळ फळासाठी शिकण्याचे सोंग घेतले, त्याचे फळ गेले की हातात काहीच उरत नाही.

फळ कोणाच्या हातात आहे?

आता आपल्या काळाकडे पाहू. पीआर हे असे फळ आहे, की ते विद्यार्थ्याच्या हातात नाही, एजंटाच्या हातात नाही, आणि महाविद्यालयाच्याही हातात नाही. ते दुसऱ्या देशाच्या सरकारच्या हातात आहे, आणि ते सरकार आपल्या लोकांच्या गरजेप्रमाणे नियम बदलते. तो त्यांचा अधिकार आहे.

कॅनडाचेच उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२४ पासून तिथे विद्यार्थ्याने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली. त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतासह काही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली जलद अर्जाची योजना बंद झाली. २०२५ साली ५,००,००० लोकांना पीआर देण्याचे जे उद्दिष्ट होते, ते ३,९५,००० वर आणले गेले. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या प्रस्तावाबद्दल मिळणारे जादा गुण काढून टाकले गेले. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ रोजी विद्यार्थी व्हिसाचे शुल्क ७१० डॉलरवरून एकदम १,६०० डॉलर झाले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार व मुलांना सोबत नेता येईनासे झाले. अमेरिकेत नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे तिथे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे.

२०२३ साली जो मुलगा 'दोन वर्षांचा कोर्स, तीन वर्षांचा कामाचा परवाना, मग पीआर' असा हिशेब करून गेला, त्याचा हिशेब तो वर्गात बसलेला असतानाच बदलला. त्याने काही चूक केली नव्हती. त्याने फक्त आपल्या जीवनाचा सारा भार अशा खुंटीवर टांगला होता, जी भिंत दुसऱ्याची आहे.

निष्काम कर्म म्हणजे फळाविषयी बेफिकीर राहणे, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. शेतकरी पेरतो तेव्हा पीक यावे हीच त्याची इच्छा असते. पण पाऊस आपल्या हातात नाही हे तो जाणतो, म्हणून नांगरणीत कसूर करीत नाही आणि घरातले सगळे धान्य एकाच शेतात टाकत नाही. निष्काम कर्माची हीच व्यवहारातली खूण आहे : कर्म पूर्ण मनाने, आणि फळ न आले तरी मोडून पडणार नाही अशी तयारी.

असत्याने उघडलेले दार

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्थायिक होण्याची इच्छा असणे आणि त्यासाठी खोटे बोलणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाच्या कायद्यात, आधी तात्पुरते येणे आणि पुढे कायम राहण्याची इच्छा असणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य आहेत. तिथे ती इच्छा लपवण्याचे कारणच नाही. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी मात्र, शिक्षण संपल्यावर आपण मायदेशी परतणार आहोत, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. तिथे मनात एक ठरवून तोंडाने दुसरे बोलले, तर परदेशातील जीवनाचा श्रीगणेशाच असत्याने झाला.

असत्य एकदा आत आले की ते एकटे राहत नाही. दुसऱ्याने लिहून दिलेले उद्दिष्टपत्र, खात्यात काही दिवसांपुरती दाखवलेली रक्कम, न केलेल्या नोकरीचा दाखला, हे सगळे 'सगळेच करतात' या एका वाक्याखाली खपून जाते. पंजाबात तर इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलीशी, तिचा शिक्षणाचा खर्च उचलून, केवळ परदेशी जाण्यासाठी विवाह करण्याची रीत पडली आहे. सप्तपदी किंवा आनंद कारज हा संस्कार अर्जाचा एक रकाना झाला, तर त्या घरात विश्वास कशावर उभा राहणार?

२०२३ मध्ये कॅनडातील अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली, कारण त्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. एजंटाने फसवले आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नव्हते. जे खरोखर फसले होते त्यांच्याबाबत तिथल्या सरकारने पुढे सहानुभूतीने विचार केला. पण त्या मुलांनी जी भीती भोगली, ती कशी भरून निघणार? अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर कॅनडात पाच वर्षे प्रवेश बंद होतो. अमेरिकेत ती बंदी जन्मभराची असू शकते. म्हणून साधकाने अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातला प्रत्येक शब्द स्वतः वाचावा. सही आपली आहे, तर कर्मही आपलेच आहे. एजंटाचे बोट धरले म्हणून ते त्याच्या खात्यात जात नाही.

आई-वडिलांसाठी दोन शब्द

आपण मुलांसाठी शेत तारण ठेवता, दागिने मोडता, हा त्यागच आहे. पण एकांतात स्वतःला विचारा, की हे मुलाच्या कल्याणासाठी आहे, की नातेवाइकांत 'आमच्या मुलाचा पीआर झाला' असे सांगता यावे यासाठी? तो त्याग अहंकाराच्या पोटी असेल तर त्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर पडते. मग मुलगा तळघरातल्या खोलीत चौघांबरोबर राहत असतो, गोदामात रात्रपाळी करीत असतो, आणि फोनवर मात्र 'सगळे छान चालले आहे' असे सांगतो. कारण खरे सांगितले तर आईला दुःख होईल आणि गावात नाचक्की होईल, असे त्याला वाटते.

मुलाला निघण्यापूर्वीच एक वाक्य स्पष्ट शब्दांत सांगा, "पीआर मिळो न मिळो, तू परत आलास तरी या घराचे दार तुझेच आहे." या वाक्याला काही खर्च येत नाही. पण ज्या मुलाच्या मनात हे वाक्य आहे, तो परक्या देशात खोट्या मार्गाला सहज जात नाही आणि संकटात एकटा पडत नाही.

जे आज तिथे वाट पाहत आहेत

हे वाचणाऱ्यांत काही जण कॅनडात, ऑस्ट्रेलियात, जर्मनीत असतील. कोणाचा कामाचा परवाना संपत आला असेल, कोणाचे गुण थोडक्यात कमी पडत असतील. तुम्हाला आमचे सांगणे एवढेच, की तुमची किंमत त्या गुणांच्या आकड्यात नाही. तो आकडा एका सरकारच्या गरजेचे माप आहे, तुमच्या आत्म्याचे नव्हे.

नियमाबाहेर रोखीने काम करण्याचा मोह होईल, तो टाळा. ठरलेल्या तासांपेक्षा अधिक काम केल्याने आज भाडे निघेल, पण मनातली धास्ती वाढेल आणि मालकाला तुमची पिळवणूक करण्याचे साधन मिळेल. परतावे लागले तर ती हार मानू नका. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन भारतात परतल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. डॉक्टर म्हणून सेवा करायला त्यांना काळच मिळाला नाही. तरीही त्यांचे शिकणे व्यर्थ गेले, असे आज कोणी म्हणत नाही. त्यांच्या मागून किती मुलींनी ती वाट धरली!

मन फार खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते लपवू नका. जवळच्या माणसाला सांगा, विद्यापीठातील समुपदेशकाकडे जा, डॉक्टरांना भेटा. नामस्मरण आणि औषधोपचार यांत विरोध नाही. मदत मागणे हीसुद्धा नम्रतेची साधना आहे.

'कायम' या शब्दाकडे पाहताना

पीआरचा अर्थ कायमचे वास्तव्य. पण कॅनडाचे पीआर कार्ड पाच वर्षांचे असते, आणि तो दर्जा टिकवण्यासाठी दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड साधारणतः दहा वर्षांनी नवे करावे लागते. माणसाने ज्याला कायम म्हटले, त्यावरही मुदतीची तारीख छापलेली असते.

हे त्या देशांना नावे ठेवण्यासाठी सांगितलेले नाही. आपल्या गावातल्या घराचीही तीच गोष्ट आहे. सातबाऱ्यावरची नावेसुद्धा पिढीगणिक बदलतात. या देहातच आपण मुदतीच्या परवान्यावर आलो आहोत. ही जाणीव असली की माणूस पुण्यात राहो की टोरांटोत, तो घर नेटके ठेवतो, शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो, आणि निघायची वेळ आली तर कटुता न ठेवता निघतो. ज्याचे अंतःकरण परमेश्वराच्या ठायी स्थिर आहे, त्याला कोणत्याही देशात पाहुण्यासारखे राहता येते आणि कोणत्याही देशात घरच्यासारखे वागता येते.

निघण्यापूर्वीचा संकल्प

ज्यांच्या घरी हा निर्णय व्हायचा आहे, त्यांनी एक दिवस सकाळी स्नान-पूजा झाल्यावर सर्वांनी एकत्र बसावे आणि मुलाने किंवा मुलीने एका कागदावर या प्रश्नाचे उत्तर लिहावे : पीआर मिळणारच नाही असे आज कळले, तरी मी हे शिक्षण, या ठिकाणी, एवढ्या खर्चात घेतले असते का?

उत्तर 'हो' असेल तर आनंदाने जावे. 'नाही' असेल तर अभ्यासक्रम बदलावा, ठिकाण बदलावे, किंवा थोडे थांबावे. त्यासोबत पुढील गोष्टी ठरवाव्यात :

१. नियम एजंटाच्या तोंडून नव्हे, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचीन.

२. भारतात परतून मिळणाऱ्या पगारातही फेडता येईल, एवढेच कर्ज घेईन.

३. अर्जात एकही खोटा शब्द लिहिणार नाही आणि दुसऱ्याला लिहू देणार नाही.

४. किती वर्षे वाट पाहायची, ते आधीच घरच्यांशी बोलून ठरवीन.

५. आठवड्यातून एकदा घरी खरे बोलेन, सुखाचे आणि दुःखाचेही.

६. रोज किमान १५ मिनिटे उपासना करीन, रात्रपाळी असली तरी.

७. जे शिकेन त्यातले काही, तिथे किंवा इथे, दुसऱ्याला विनामूल्य शिकवीन. ऋषिऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.

हा कागद देवघरात ठेवावा आणि त्याची एक प्रत मुलाने सोबत न्यावी.

हे परमेश्वरा, आमच्या मुलांना दूर जाण्याचे बळ दे आणि परत येण्याचीही हिंमत दे. त्यांच्या हातून विद्येचा अपमान होऊ देऊ नकोस. त्यांच्या वाणीत सत्य राहू दे. जे फळ तू देशील ते त्यांना गोड लागो, आणि जे तू देणार नाहीस त्यावाचूनही त्यांचे मन तृप्त राहो.

सर्वांचे कल्याण होवो.